‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

संशयवादी : माणसाच्या मनात त्याला स्वतःला न दिसणारं बरंच काही चालतं, यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. भांडण पुढच्या पायरीवर आहे. ते न दिसणारं वाचायचं कुणी, आणि वाचणाऱ्याचं चुकलं तर ते कळायचं कसं? मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडनं ‘डोरा’ या नावानं प्रसिद्ध केलेली केस घ्या. १९०० सालचा ऑक्टोबर, व्हिएन्ना. अठरा वर्षांची मुलगी. खोकला, मधूनच बसणारा आवाज, घरच्यांच्या हाती लागलेली आत्महत्येची चिठ्ठी. वडिलांचे एका कुटुंबमित्राच्या बायकोशी संबंध होते आणि त्या मित्राचा डोळा या मुलीवर होता. फ्रॉइडच्या नोंदीप्रमाणे ती चौदा वर्षांची असताना त्या माणसानं तिला आपल्या दुकानात एकटीला गाठलं, शटर खाली ओढली आणि तिला जवळ खेचून तिचं चुंबन घेतलं. तिला किळस आली आणि ती सुटका करून घेऊन रस्त्यावर पळाली. पुढे दोनेक वर्षांनी एका तळ्याकाठी त्यानं पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा तिनं त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं कानांवर हात ठेवले, आणि वडिलांनी मुलीला सोडून मित्रावर विश्वास ठेवला. मग तिचं डोकं ठिकाणावर आणावं म्हणून तिला फ्रॉइडकडे नेलं.

आता फ्रॉइड काय म्हणतो? निरोगी मुलीला दुकानातल्या त्या प्रसंगी उत्तेजना जाणवली असती. हिला किळस वाटली, म्हणजे हिस्टेरिया तेव्हापासूनच होता. त्या माणसावर हिचं आतून प्रेम आहे. मुलगी म्हणाली, नाही. त्यावर त्यानं लिहून ठेवलं की दाबून टाकलेला विचार पहिल्यांदा समोर आला की रुग्णाच्या तोंडून ‘नाही’ येतं, आणि दमन किती घट्ट आहे एवढंच त्यातून कळतं. मग त्या मुलीनं बोलायचं तरी काय? ‘हो’ म्हटलं तर सिद्धांत खरा, ‘नाही’ म्हटलं तर जास्तच खरा. घरात तिचं म्हणणं कुणी मानलं नव्हतं. उपचाराच्या खोलीतही तेच झालं, आणि इथे तर त्याला शास्त्राचं पाठबळ होतं.

समर्थक : डोराच्या बाबतीत तुम्ही जे म्हणालात त्यातलं किळशीबद्दलचं मी एका शब्दानंही सावरून घेणार नाही. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण केस पुरी सांगा. दुकानातला आणि तळ्याकाठचा प्रसंग खरोखर घडला, ही मुलगी रचून सांगत नाही, हे फ्रॉइडनं मानलं. वडील आपल्या सोयीसाठी तिला त्या माणसाच्या हवाली करू पाहत आहेत, हा तिचा आरोपही त्यानं उडवून लावला नाही. त्या काळात हिस्टेरियावर काय चालायचं? पाण्याचे फवारे, विजेचे झटके, सक्तीची विश्रांती. तिच्यावर पाण्याचे आणि विजेचे उपचार आधी होऊनही गेले होते. अशा वेळी एक डॉक्टर रोज तासभर बसतो, खोकल्याला अर्थ असू शकतो असं धरून चालतो आणि मुलीला बोलू देतो, ही साधी गोष्ट नव्हती. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, ती उपचार सोडून निघून गेली. फ्रॉइडनं हे अपयश झाकलं नाही. १९०५ मध्ये केस छापताना शेवटी लिहिलं की रुग्ण जुन्या माणसांबद्दलच्या भावना डॉक्टरवर आणून ठेवतो, आणि ही गोष्ट आपण वेळेत ओळखली नाही. मनोविश्लेषणातली संक्रमणाची कल्पना आज जिथे उभी आहे, तिचा एक पाया या फसलेल्या केसमध्ये आहे.

आणि मूळ मुद्दा विसरू नका. फ्रॉइडच्या आधी लक्षण म्हणजे बिघाड होता. तो म्हणाला, लक्षण ही तडजोड आहे. एक इच्छा बाहेर येऊ पाहते, दुसरी शक्ती तिला अडवते, आणि दोघींच्या ओढाताणीतून खोकला येतो, हात लुळा पडतो, नाव आठवेनासं होतं. पुढे १९२३ मध्ये त्यानं या ओढाताणीचा नकाशा काढला. निव्वळ मागणी करणारा इदम्, आईबापांचा आवाज आत मुरून बनलेला पराहम्, आणि या दोघांना व बाहेरच्या जगाला सांभाळता सांभाळता मेटाकुटीला येणारा अहम्. व्यक्तिमत्त्व म्हणजे गुणांची यादी नसून चालू असलेला संघर्ष आहे, हे सांगणारा नकाशा आपल्याला त्याच्यामुळे मिळाला. त्यातल्या रेघा चुकल्या असतील, पण प्रदेश आहे.

संशयवादी : ऐकून घेण्याबद्दल त्याला श्रेय द्या, मीही देतो. पण ऐकणं म्हणजे पुरावा नव्हे. या परंपरेची सुरुवात ज्या केसनं झाली ती पाहा. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकातली ‘आना ओ.’ बोलून बोलून बरी झाली, असं पुस्तक सांगतं. पुढे इतिहासकारांना कागद सापडले. १८८२ मध्ये ब्रॉयरचे उपचार थांबले आणि त्याच वर्षी तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेन इथल्या आरोग्यधामात ठेवावं लागलं होतं. ती बर्था पापेनहाइम. नंतर ती सावरली, ज्यू स्त्रियांची मोठी संघटना तिनं उभी केली, पण ते बरंच पुढे आणि स्वतःच्या बळावर. छापलेली गोष्ट घाटदार आणि कागदपत्रं वेगळंच सांगणारी, हे पहिल्याच केसपासून सुरू झालं.

तत्त्वज्ञ आडोल्फ ग्र्युनबाउम यांनी १९८४ मध्ये यातलं वर्म दाखवलं. मनोविश्लेषण खोटं ठरवताच येत नाही, असं ते म्हणत नाहीत. ठरवता येतं असंच म्हणतात. त्यांची हरकत अशी की कोचावर झोपलेला रुग्ण जे बोलतो त्यात डॉक्टरनं नकळत पेरलेलं किती आणि त्याचं स्वतःचं किती, हे वेगळं काढायची सोय त्या खोलीत नाही. डॉक्टर कशावर मान हलवतो, कुठे थांबून पुन्हा विचारतो, हे रुग्णाला कळत असतं. मग त्या खोलीत गोळा झालेलं सगळं त्याच खोलीतल्या सिद्धांताला पुष्टी देतं, यात नवल काय?

समर्थक : तर मग खोलीबाहेर येऊ. १९७० च्या दशकात अमेरिकेत मायकेल गझानिगा आणि जोसेफ लडू यांनी केलेला एक प्रयोग आहे. अपस्माराचे झटके आटोक्यात यावेत म्हणून मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापलेला एक रुग्ण. त्याच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दाखवला. उजव्या गोलार्धाला बर्फानं झाकलेलं अंगण दाखवलं. बोलणारा गोलार्ध डावा, त्यामुळे बर्फ पाहिल्याचं तो तोंडानं सांगू शकत नव्हता. मग समोर चित्रं मांडून, जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हातानं कोंबडी उचलली. डाव्या हातानं, ज्याचा ताबा बर्फ पाहिलेल्या गोलार्धाकडे होता, फावडं निवडलं. विचारलं, फावडं का? तो क्षणभरही अडखळला नाही. पंजा कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच, असं त्यानं सांगून टाकलं.

या माणसाला काही लपवायचं नव्हतं. आपण कारण रचतोय याचा त्याला पत्ताही नव्हता. आणि हे फक्त मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्यांचं नाही. निसबेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एका प्रयोगाची हकिकत दिली. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या मांडल्या. चारही तंतोतंत सारख्या. ज्या लोकांना निवडायला सांगितलं त्यांचा कल उजवीकडच्या टोकाच्या जोडीकडे ठळकपणे जास्त होता. कारण विचारलं तर कुणी पोताबद्दल बोललं, कुणी विणीबद्दल. जागेचा उल्लेख एकानंही केला नाही, आणि जागेमुळे तसं झालं असेल का असं विचारल्यावर लोकांनी ते नाकारलं. आपलं वागणं कशातून येतं याबद्दल आपण स्वतः जी साक्ष देतो ती किती कच्ची असते, हे फ्रॉइडनं ओरडून सांगितलं होतं. प्रयोगशाळेनं त्यावर नंतर शिक्कामोर्तब केलं.

संशयवादी : शिक्कामोर्तब कशावर केलं, हे नीट पाहू. नकळत चालणारं मन फ्रॉइडनं शोधलेलं नाही. आपल्या नकळत आपण अनुमानं काढत असतो, म्हणून जग दिसतं, असं शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ त्याच्या आधी सांगत होता. तत्त्वज्ञ हार्टमानचा अबोधावरचा जाडजूड ग्रंथ १८६९ चा. तेव्हा फ्रॉइड शाळेत होता. फ्रॉइडचं स्वतःचं म्हणणं त्याहून कितीतरी पुढचं आहे. अबोधात जे आहे ते मुद्दाम ढकललेलं आहे, त्याचा गाभा बालपणीच्या लैंगिक इच्छांचा आहे, आणि त्याचा अर्थ तज्ज्ञाला लावता येतो. फावडं निवडणाऱ्या माणसानं काही दाबून टाकलेलं नव्हतं. त्याच्या बोलणाऱ्या गोलार्धापर्यंत माहिती पोचलीच नव्हती. मोजे निवडणाऱ्या बाईच्या मनात कुठला संघर्ष होता? तुम्ही दाखवलेलं अबोध मन थंड आहे, यंत्रासारखं आहे. त्याला इच्छा नाही, लाज नाही, भूतकाळ नाही.

आणि तो प्रयोग तुमच्यावर उलटतो. कारण ठाऊक नसताना खात्रीनं कारण रचणारा तो डावा गोलार्ध डॉक्टरच्याही डोक्यात आहे. रुग्णाच्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही, हे मान्य. मग विश्लेषकाच्या साक्षीवर का ठेवायचा? समोर अर्धवट तुकडे आहेत, त्यांना जोडणारं काहीतरी सांगायचंच आहे, आणि हाताशी एक आवडता सिद्धांत आहे. खुराडं साफ करायला फावडं लागतंच, असं म्हणणारा माणूस त्या खोलीत नेमका कुठल्या खुर्चीवर बसलाय?

समर्थक : हा घाव वर्मी आहे. या परंपरेनं तो ओळखला होता, म्हणूनच दुसऱ्याचं विश्लेषण करण्याआधी स्वतःचं करून घेण्याचा दंडक आला. तो पुरेसा नाही, हेही मान्य. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला तयार केलं तर तीच आंधळी जागा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहू शकते. पण या परंपरेत सगळे माना डोलावणारेच होते, हे चित्र खरं नाही. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस घ्या. दमनावरचा प्रबंध त्यांनी १९२१ मध्ये फ्रॉइडला पाठवला. १९२२ मध्ये पारशीबागान लेनमधल्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांची भेट कधीच झाली नाही, पण पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. आणि बोस शिष्य म्हणून लिहीत नव्हते. त्यांचं म्हणणं, प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची उलटी इच्छा असते. मारण्याच्या इच्छेत मार खाण्याची, पुरुष असण्याच्या इच्छेत स्त्री असण्याची. आपल्या भारतीय रुग्णांमध्ये शिश्नच्छेदाची भीती युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, उलट स्त्री होण्याची इच्छा सहज वर येते, असं त्यांनी फ्रॉइडला स्पष्ट कळवलं. फ्रॉइडनं दखल घेतली, पण मत बदललं नाही.

मुलाला आई हवी असते आणि बाप त्याचा प्रतिस्पर्धी ठरतो, हा फ्रॉइडचा त्रिकोण सगळीकडे एकाच आकाराचा नसतो, हे इतरांनीही सांगितलं. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीनं ट्रोब्रिअंड बेटांवर पाहिलं की तिथे मुलाला शिस्त लावतो तो मामा. बाप प्रेमळ सवंगडी असतो. तिथल्या मुलाचा दबलेला राग मामावर निघतो. आपल्याकडे ए. के. रामानुजन यांनी दाखवलं की भारतीय कथांमध्ये बाण बहुधा उलट्या दिशेनं, बापाकडून मुलाकडे, जातो. ययाती आपलं म्हातारपण मुलाला देऊन त्याचं तारुण्य मागून घेतो आणि पुरू ते देतो. १९५९ मध्ये खांडेकरांनी ही कथा कादंबरीत आणली, आणि मराठी वाचक ती आजही आवडीनं वाचतो. बापाच्या सुखासाठी मुलानं स्वतःला वाळवून टाकणं ज्या घरांत अजून थोर मानलं जातं, तिथल्या वाचकाला या कथेत स्वतःचं काही दिसत नसेल? आकार बदलतो. पण अगदी लहानपणीची नाती आत बसतात आणि पुढच्या नात्यांना वळण देतात, हा गाभा टिकतो.

संशयवादी : गाभा टिकतो म्हणता, कारण तो काहीही पचवतो. मुलगा बापावर रागावला, सिद्धांत खरा. मामावर रागावला, तरी खरा. बापानंच मुलाचं तारुण्य घेतलं, तरी खरा. कुठली कथा सापडली असती तर तुम्ही म्हणाला असता की आता हा सिद्धांत सोडावा लागेल? मॅलिनोव्स्कीचंच पुढे काय झालं ते आठवा. अर्नेस्ट जोन्स या फ्रॉइडच्या निष्ठावंत सहकाऱ्यानं उत्तर दिलं की मामाला बापाच्या जागी बसवणारी ती मातृवंशीय व्यवस्थाच मुळात बापाबद्दलचा द्वेष टाळण्यासाठी उभी राहिली. म्हणजे एका मुलीचं ‘नाही’ जसं ‘हो’ ठरवलं, तसंच अख्ख्या समाजाचंही ठरवलं. तत्त्वज्ञ पॉपरचं उदाहरण प्रसिद्धच आहे. एक माणूस मुलाला बुडवायला पाण्यात ढकलतो, दुसरा मुलाला वाचवताना जीव देतो. पहिल्यात दमन, दुसऱ्यात उदात्तीकरण, म्हणजे दबलेल्या इच्छेला मिळालेलं उन्नत वळण. दोघांचाही उलगडा होतो. कशालाच न अडणारं स्पष्टीकरण काहीच सांगत नाही, हा त्याचा आक्षेप मला अजून बिनतोड वाटतो.

उलट एक दुसरी वाट पाहा. आल्बर्ट एलिस मनोविश्लेषकच होता. १९५० च्या दशकात त्यानं ते सोडलं आणि विवेकनिष्ठ उपचारपद्धती आणली. महाराष्ट्रात कि. मो. फडक्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती पद्धत मराठीत रुजवली. तिथे उपचारकर्ता म्हणत नाही की तुला माहीत नसलेलं तुझ्याबद्दलचं सत्य मला माहीत आहे. तो विचारतो, आत्ता या क्षणी तू स्वतःशी काय म्हणतो आहेस? ‘सगळ्यांनी मला मान दिलाच पाहिजे’ असं म्हणतोस का? मग हा ‘च’ कुठून आला, तो टिकतो का, तपासू. विचार रुग्णाचा, तपासणी त्याच्या डोळ्यांदेखत, आणि ‘नाही, मी असं म्हणत नाही’ असं तो म्हणाला तर ते नाहीच असतं. मनोविश्लेषणासाठी आठवड्यातून चार-पाच तास, अनेक वर्षं, असा वेळ आणि पैसा कुणाकडे आहे? परवडतं त्यांच्यासाठीच खरं ठरणारं शास्त्र मला नको आहे.

समर्थक : त्या पद्धतीनं कितीतरी लोक उभे राहिले, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण जो विचार माणसाला सांगता येतो, त्याच्याशीच तिला वाद घालता येतो. ज्यांना आपला विचार चुकीचा आहे हे नीट कळतं, पटतं, आणि तरी जे पुन्हा त्याच जोडीदाराकडे, त्याच अपमानाकडे ओढले जातात, त्यांचं काय? आणि ज्याला अजून बोलताच येत नाही त्याचं काय?

तुम्ही कसोटी मागितलीत, तर एक प्रकरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये दवाखान्यात ठेवलेल्या लहान मुलांना आईबाप मोजक्याच वेळी भेटू शकत. भेटीनंतर मूल रडतं, म्हणून भेटी कमी. काही दिवसांनी मूल गप्प होतं, म्हणजे ते रुळलं, असा सगळ्यांचा समज. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन दोघेही मनोविश्लेषणात तयार झालेले. त्यांना हे गप्प होणं निराळं दिसलं. १९५२ मध्ये रॉबर्टसननं दोन वर्षांच्या लॉराचा लघुपट केला. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दवाखान्यात. आपण निवडून दृश्यं घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून ठरलेल्या वेळी चित्रण केलं, आणि भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं केलं. लॉरा आरडाओरडा करत नाही. चेहरा आवळलेला, हातात टेडी, मधूनच हळू आवाजात आई कुठे आहे असं विचारते. परिचारिकांच्या लेखी शहाणी मुलगी. घरी जायच्या दिवशी आपलं सगळं सामान ती हक्कानं मागून घेते, पण आईनं पुढे केलेला हात धरत नाही. डॉक्टरांच्या सभेत लघुपट दाखवला तेव्हा बरेच जण चिडले. पण १९५९ मध्ये प्लॅट समितीनं भेटींवरची बंधनं उठवण्याची शिफारस केली. आज मुलाच्या खाटेशेजारी आईला राहू देतात, त्यामागे हे काम आहे.

आता तुमचा नियम इथे लावा. लॉरा काही तक्रार करत नव्हती. तिची शांतता हाच तिचा जबाब मानणाऱ्या लोकांनी तिला एकटं ठेवलं. दिसतंय त्यापलीकडे काही आहे असं म्हणायची हिंमत करणाऱ्यांनी तिचं दुःख पाहिलं. दुसऱ्याच्या मनाचं त्याच्या बोलण्यापलीकडे जाऊन वाचन करणं हा नेहमीच जुलूम नसतो. कधी कधी ते न करणं हा जुलूम असतो.

संशयवादी : लॉराचं मला पटलं, आणि माझं म्हणणं त्यामुळे बदलायला हवं. बोलण्यापलीकडे जाऊच नका, असं मी आता म्हणणार नाही. पण बोल्बी का जिंकला ते पाहा. घड्याळ होतं, कॅमेरा होता, चिडलेल्या डॉक्टरांनाही तेच दृश्य दिसत होतं. आणि त्याला विरोध कुणाचा? मेलनी क्लाइनच्या परंपरेतल्या विश्लेषकांचाही, कारण तो मुलाच्या मनातल्या कल्पनासृष्टीऐवजी खरोखर घडलेल्या ताटातुटीबद्दल बोलत होता. म्हणजे मनोविश्लेषण जिथे बाहेरच्या जगाशी पडताळलं गेलं तिथेच ते टिकलं.

डोराकडे परत जाऊ, कारण तिथेही शेवटी हेच झालं. उपचार सोडल्यावर पंधरा महिन्यांनी, एप्रिल १९०२ मध्ये, ती फ्रॉइडला भेटायला आली आणि तिनं सांगितलं की त्या जोडप्याला तिनं तोंडावर विचारलं. बाईनं संबंध नाकारले नाहीत, आणि त्या माणसानं तळ्याकाठचा प्रसंग कबूल केला. तिला जे हवं होतं ते फ्रॉइडच्या अर्थातून मिळालं नाही. ते तिनं स्वतः, बाहेर जाऊन, इतरांकडून वदवून घेतलं. माझी अट एवढीच आहे. दुसऱ्याचं मन वाचा, पण वाचणाऱ्याहून वेगळी अशी एखादी साक्ष दाखवा.

समर्थक : ती साक्ष मिळते तिथे ती घेतलीच पाहिजे. पण माणसाच्या आतल्या कितीतरी गोष्टींसमोर भिंतीवर घड्याळ नसतं. आईच्या मृत्यूवेळी क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं इतकं असह्य झालं की मन त्याकडे वळतच नाही. वीस वर्षं माणूस स्वतःला कसल्या तरी कष्टात जुंपून घेतो. याचा साक्षीदार कोण? फ्रॉइडनं आयुष्याच्या अखेरीस, १९३७ मध्ये, एका निबंधात तुमचाच आक्षेप उघडपणे घेतला. छापा पडला तरी आम्ही जिंकलो, काटा पडला तरी तुम्ही हरलात, असा आरोप आमच्यावर होतो, म्हणून तो सुरुवात करतो. आणि डोराच्या वेळेपेक्षा कितीतरी सावधपणे सांगतो की रुग्णाचं ‘नाही’ निर्णायक नाही, पण त्याचं ‘हो’ही निर्णायक नाही. नुसत्या होकाराला किंमत नाही. पुढे काय घडतं ते पाहा. नवी आठवण येते का, स्वप्नं बदलतात का, अडलेलं काही हलतं का? विश्लेषकाचा अर्थ म्हणजे तात्पुरता तर्क. तो दुरुस्त करायचा, टाकून द्यायचा. डोराच्या डॉक्टरनं तिच्यापासून काढून घेतलेला अधिकार या निबंधात तो स्वतःकडेही ठेवत नाही. काही सत्यं अशीच असतात. ती ओळखीची वाटावी लागतात, आणि माणूस त्यानंतर कसा जगतो यावरून त्यांची पारख होते.

संशयवादी : तोच निबंध पुढेही वाचा. आठवण परत आली नाही तरी डॉक्टरनं रचलेल्या कथेवर रुग्णाची पक्की खात्री बसली, तर तिचा उपयोग आठवणीइतकाच होतो, असंही तो तिथेच म्हणतो. हीच मला सर्वांत धोक्याची जागा वाटते. ‘वुल्फ मॅन’ म्हणून गाजलेला सर्गेई पँकेयेफ. अक्रोडाच्या झाडावर बसलेल्या पांढऱ्या लांडग्यांच्या एका बालपणीच्या स्वप्नावरून फ्रॉइडनं ठरवलं की दीड वर्षांचा असताना यानं आईबापांचा संग पाहिला. म्हातारपणी पँकेयेफनं एका महिला पत्रकाराला सांगितलं की ते दृश्य त्याला कधीच आठवलं नाही, आणि तो तर दाईच्या खोलीत झोपायचा. उपचार मात्र पुढची अनेक दशकं चालूच राहिले. १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेत उपचारांच्या खोल्यांतून अत्याचाराच्या ‘परत आलेल्या’ आठवणींची लाट उठली. त्यांतल्या काही नंतर त्या व्यक्तींनीच मागे घेतल्या; तोवर घरं मोडली होती. त्या वेळी त्यांनाही ते ओळखीचंच वाटलं होतं. मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवलं की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी हकिकत नातेवाइकाच्या हवाल्यानं सांगितली, तर चौघांतला साधारण एक ती अंशतः किंवा पूर्ण ‘आठवू’ लागतो. ओळख पटण्याची भावना खोट्या गोष्टीलाही तितकीच घट्ट चिकटते.

समर्थक : त्या प्रयोगाचा दुसरा वापरही पाहा. खऱ्या अत्याचाराला तोंड फोडणाऱ्या बाईला कोर्टात आज हेच ऐकवलं जातं की तुझी आठवण कुणीतरी पेरली आहे. १९३२ मध्ये फेरेंझीनं, फ्रॉइडच्या सगळ्यांत जवळच्या माणसांपैकी एकानं, सांगितलं होतं की मुलांवर खरोखर अत्याचार होतात आणि आपण विश्लेषक त्यांना कल्पना समजतो. त्याला गप्प करायचा प्रयत्न झाला. तुमच्या संशयानंही माणसाचं ‘हे घडलं’ खोडता येतं, जसं डोराच्या डॉक्टरनं तिचं ‘नाही’ खोडलं. बाहेरची साक्ष मिळेपर्यंत थांबा, असं तुम्ही म्हणता. जिथे साक्ष मिळणं अशक्य आहे तिथे त्याचा अर्थ होतो, तुमचं ऐकणार नाही.

संशयवादी : हे मला नाकारता येत नाही. आपल्यातला फरक आता मला स्पष्ट दिसतो. तुम्हाला भीती आहे ती न ऐकलेल्या माणसाची. मला भीती आहे ती चुकीचं ऐकल्या गेलेल्या माणसाची. आणि दोन्ही चुकांची किंमत अर्थ लावणारा देत नाही. ज्याचा अर्थ लावला तो देतो. म्हणून मी एवढंच मागतो. एक, अर्थ सांगण्याआधी सांगणाऱ्यानं स्वतःशी आणि समोरच्याशी ठरवावं की काय घडलं तर हा अर्थ चुकला असं आपण मानू. दोन, समोरचा ‘नाही’ म्हणाला तर तिथे थांबावं. त्याचं ‘नाही’ कदाचित चुकीचं असेल. पण स्वतःबद्दल चुकण्याचा हक्क त्याचा आहे.

समर्थक : पहिलं मी विनाअट मान्य करतो, आणि माझ्या परंपरेनं ते सुरुवातीपासून पाळलं असतं तर डोरा ३१ डिसेंबरला उठून गेली नसती, असं मला वाटतं. दुसरं अर्धंच मान्य करतो. अठरा वर्षांची मुलगी ‘नाही’ म्हणते तेव्हा थांबलंच पाहिजे. पण स्वतःला संपवायला निघालेला माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो तेव्हा? दोन वर्षांचं मूल निमूट बसून राहतं तेव्हा? कुठल्या ‘नाही’पाशी थांबायचं आणि कुठल्या ‘नाही’च्या पलीकडे जायचं, हे सांगणारा नियम तुमच्यापाशी नाही आणि फ्रॉइडपाशीही नव्हता. प्रत्येक वेळी, समोरच्या एकाच माणसाकडे पाहून, चुकण्याची जोखीम घेऊन तो निर्णय करावा लागतो. तो कुणी करावा आणि कुणाला जबाब देऊन करावा, यावर आपलं अजून एकमत झालेलं नाही.